दोघांचं शिल्लक आयुष्य

आमचे हे लग्न झाल्यापासून माझ्या ताटात डोकावत आले. भात दुसऱ्यांदा वाढून घेतला की यांच्या भुवया वर. पोळीवर तुपाची धार जरा लांबली की घसा खाकरणं सुरू. हायस्कुलात पी.टी.चे शिक्षक, त्यामुळे शिट्टी कायम गळ्यात. मी डब्यातून लाडू काढला की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ती फुंकायचे. मग शेजारच्या शालनवहिनी भिंतीपलीकडून विचारायच्या, "उज्ज्वला, कितवा गं?"

मी कुठली ऐकतेय! माझं माहेर गुऱ्हाळवाल्यांचं. काकवीत बोटं बुडवत मोठी झालेली बाई मी. मला गोड खाऊ नको म्हणणं म्हणजे माशाला पाण्यातून बाहेर ये म्हणण्यासारखं. चाळिशीत साखर निघाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी माझा डबा काही रिकामा राहिला नाही.

हे म्हणजे हणमंत शेवाळे, सगळ्या कऱ्हाडचे शेवाळे सर. अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही. रोज आगाशिवाचा डोंगर चढून यायचे आणि मी चहा गाळत असताना पाठीमागून म्हणायचे, "वजन कमी कर गं बाई. मला एकट्याला म्हातारं व्हायचं नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येईनासं झालं होतं.

सत्तरी ओलांडली त्या वर्षी यांना डोंगराच्या निम्म्यात चक्कर आली. बरोबरच्या मंडळींनी धरून खाली आणलं. आरोग्यकेंद्रात डॉक्टर निलोफर तांबोळी होती. ती यांचीच विद्यार्थिनी, शाळेच्या खो-खोच्या संघातली. तिनं छातीवर यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"सर, हृदयातून रक्त बाहेर पडतं ना, तिथली झडप कडक झालीय. नीट उघडत नाही. पण घाबरू नका, आता छाती कापायला लागत नाही. तुमच्याच पेशींपासून नवी झडप वाढवतात आणि मांडीच्या शिरेतून आत सरकवतात. दोन-तीन दिवसांत घरी. परत डोंगर चढाल."

"आणि नाही बसवली तर?" मी विचारलं.

"तर वर्ष, दीड वर्ष," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पण बसवायचीच आहे ना, काकू."

खाजगीत करायचं तर घर विकूनही भागलं नसतं, आणि आमच्या लेकीचं, रसिकाचं, नाशिकचं घर अजून बँकेचंच होतं. पण सरकारची सर्वस्वास्थ्य योजना होतीच की. यांची मोजणी झाली. हे त्या चौकोनी पाटावर ताठ उभे राहिले, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आणि पडद्यावर लाल पट्टी आली.

"नामंजूर? का?" हे म्हणाले.

निलोफर बिचारी खाली बघायला लागली. "सर, तुम्ही फार धडधाकट आहात."

हे हसले. त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. ती भानगड मला समजायला दिवस लागले, पण समजली ती अशी. आपल्या पेशींमधल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. वय वाढतं तशा काही खुणा पुसट होतात, काही ठिकाणी नव्या चढतात. रक्ताच्या थेंबातून त्या वाचल्या की शरीर खरोखर किती झिजलंय ते कळतं. जन्मतारीख काही का असेना, खुणा खोटं बोलत नाहीत. त्यात वजन, कंबरेचा घेर, साखर, रक्तदाब मिळवला की हा माणूस अजून किती वर्षं काढेल याचा अंदाज यंत्र देतं. एखाद्या माणसाचा अंदाज चुकतोही, पण लाखो माणसांचा मिळून चुकत नाही. आणि सरकारची गाठ लाखोंशीच असते.

इथपर्यंत ठीक होतं. पूर्वी याच केंद्राच्या भिंतीवर माझ्यासारख्या बायकांची चित्रं असायची, खाली लिहिलेलं, वजन घटवा, देशाचा खर्च वाचवा. मग कुणीतरी माणसांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या औषधपाण्याची बेरीज केली आणि सगळं उलटंच निघालं. जाड माणूस वर्षाच्या वर्षाला महाग पडतो खरा, पण तो लवकर जातो. सडपातळ माणूस सत्तरीपर्यंत एक गोळी घेत नाही, आणि मग पुढची वीस-पंचवीस वर्षं राहतो. त्यात खुब्याचं हाड मोडतं, डोळे जातात, पोटच्या पोरांची नावं आठवत नाहीत, उठवायला-बसवायला दिवसरात्र माणूस लागतं. बेरीज केली की बारीक माणूसच जास्त महाग. म्हातारी माणसं वाढत चालली, तिजोरी काही वाढेना, तेव्हा नियम आला: मोठा उपचार करताना नुसता त्या उपचाराचा खर्च धरायचा नाही, तो केल्यामुळे माणूस जितकी वर्षं जगेल त्या सगळ्या वर्षांचा धरायचा. तो ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर हिरवी पट्टी, बाहेर गेला तर लाल. म्हातारी नवरा-बायको एकमेकांना सांभाळतात म्हणून त्या दोघांचा हिशेब एकत्र, एक कुटुंब म्हणून. भिंतीवरची ती चित्रं तेव्हाच उतरवली. त्यांचे चौकोनी डाग अजून दिसतात.

माझी मोजणी वाढदिवसाला झालेली होती. माझी नऊ वर्षं शिल्लक होती. ती ऐकून तेव्हा मी घरी येऊन दोन लाडू जास्त खाल्ले होते. नवी झडप बसवल्यावर हे मात्र नव्वदीपार जाणार होते, आणि तेवढं सरकारला झेपत नव्हतं.

"म्हणजे मी आयुष्यभर डोंगर चढलो ते चुकलं?" हे निलोफरला विचारत होते. आवाज चढला नव्हता, पण शाळेत उशिरा आलेल्या पोराला विचारायचे तसा होता. "तुम्हा पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ते चुकलं?"

"नाही हो सर," ती म्हणाली. मग उठून तिनं दार लावून घेतलं. "काकू, तीन महिन्यांनी परत मोजणी मागता येते. सरांना जरा… खाऊ घाला. मी हे बोलले नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी पातेली काढली.

खरं सांगते, सुरुवातीला मला गंमतच वाटली. ज्या माणसानं माझे घास मोजले त्याच्या ताटात मी तुपाचा पाट सोडत होते. सकाळी शिरा, दुपारी भातावर सायीचं दही, चार वाजता शेंगदाण्याची पोळी, रात्री बासुंदी. हे शिरा असा खायचे की जणू वर्गाबाहेर ओणवं उभं केलंय. अर्ध्यावर ताट सारलं की मी खुंटीवरची शिट्टी काढून फुंकायची. तेव्हा शालनवहिनी विचारायच्या, "सर, कितवा हो?"

"छळ मांडलाय गं तू," हे म्हणायचे.

"चाळीस वर्षांची परतफेड आहे. गिळा."

पण महिनाभरानं हसू मावळलं. यांचं पोट सुटलं. गालफडं भरली. जुन्या पँटी बसेनात, तेव्हा हे नाडीची चड्डी घालून बसायला लागले आणि रस्त्यावरून कुणी माजी विद्यार्थी जाताना दिसला की आत जायचे. एकदा मी पाहिलं, आरशासमोर सदरा वर करून स्वतःच्या पोटाकडं बघत उभे होते. मला बघून म्हणाले, "हा कोण घुसलाय गं आपल्या घरात?" मी काहीतरी विनोद करायला गेले आणि मला रडूच फुटलं. यांना जगवायचं म्हणून मी यांचं आयुष्य कमी करत होते, माझ्या हातानं, चमच्याचमच्यानं.

त्याच रविवारी मी शालनवहिनींबरोबर पालीला गेले. खंडोबासमोर उभी राहिले, भंडारा कपाळाला लावला, आणि मनात बोलले, देवा, यांची झडप बसेपर्यंत माझं गोड बंद. भात बंद. एकच वेळ जेवेन. मला दुसरं काय सोडता येणार होतं? ज्याच्यावर जीव आहे तेच देवाला द्यायचं असतं, आणि माझा जीव कशावर आहे हे खंडोबालाही ठाऊक असणार. नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं असं माझी आई सांगायची. म्हणून यांना सांगितलं नाही, रसिकाला नाही, शालनवहिनींनाही नाही.

यांना वाढायचं, आणि मी नंतर जेवते म्हणून सांगायचं. वासानं तोंडाला पाणी सुटायचं. पहिले काही दिवस तर काकवीची बाटली बघून अक्षरशः चिडचिड व्हायची. हळूहळू सवय झाली. आणि यांना आता दम लागायचा म्हणून बाहेरची कामंही माझ्यावर आली. दूध, भाजी, औषधं, गच्चीवरचे कपडे, सगळं चालत, जिने चढत. रोज संगमापर्यंत जाऊन यायची, तिथं कृष्णामाईला हात जोडायची. गुडघे दुखायचे थांबले. ब्लाउज सैल झाले. शालनवहिनी विचारायला लागल्या, "कुठलं औषध घेतीस गं? मला पण सांग की."

ब्लाउजांना टीप घालताना मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. वाटायचं, देव ऐकतोय.

हे एकदा माझ्या मनगटाला हात लावून म्हणाले, "काळजीनं वाळलीस गं."

"तुम्हाला हवी होते ना बारीक?"

"अशी नव्हती हवी."

दुसऱ्या मोजणीला हे पाटावर उभे राहिले तेव्हा पाट करकरला असं मला उगीच वाटलं. निलोफरनं डोळे मिटले होते. माझं वाढदिवसाचंच माप यंत्रानं धरलं. पट्टी हिरवी झाली! निलोफरनं डॉक्टरकी विसरून मला मिठी मारली. यांनी मात्र पडद्यावरचा आकडा बघितला. झडपेसकट आता यांची अकरा वर्षं उरली होती.

"अकरा पुष्कळ झाली," हे म्हणाले. "तुझी नऊ आहेत. दोन वर्षं तुझ्याशिवाय कशीतरी काढीन."

गल्लीत पेढे वाटले. मी एकही तोंडात टाकला नाही. हातात धरून वास घेतला आणि शालनवहिनींच्या नातीला दिला. झडप अजून बसायची होती.

यांच्या दंडातून चिमूटभर पेशी काढून साताऱ्याला पाठवल्या. तिथं त्या साच्यावर वाढतात, महिना-दीड महिन्यात झडप तयार होते. ती आली त्या दिवशी निलोफरनं आम्हाला दाखवली. काचेच्या बरणीत, पाण्यात, जास्वंदीच्या कळीएवढी. गुलाबी, तीन पाकळ्यांची. मी काचेला बोट लावलं आणि तिला मनातल्या मनात नमस्कार केला.

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी नर्स म्हणाली, "काकू, तुम्हीपण उभ्या राहा. भरती करताना दोघांचं ताजं माप लागतं."

मी चप्पल काढून पाटावर चढले. मला काय माहीत? वजनाचा आकडा बघून मला तर आनंद झाला, लग्नातल्या शालूवरच्या ब्लाउजात मावेन इतका तो खाली आला होता. बोट पुढं केलं. थेंब गेला. नर्स पडद्याकडं बघत राहिली, मग तिनं निलोफरला बोलावलं. निलोफर आली, तिनं परत थेंब घ्यायला लावला. परत तेच.

लाल पट्टी.

"काकू, तुमची साखर… साखर कुठं गेली?" निलोफर म्हणाली. "तुमची तेवीस वर्षं दाखवतंय. दोघांचा मिळून हिशेब मर्यादेच्या बाहेर गेला. काय केलंत तुम्ही?"

मग मला सांगावं लागलं. सगळ्यांसमोर, नर्ससमोर, यांच्यासमोर. गोड सोडलं, भात सोडला, एकवेळ जेवले. कशासाठी, तर झडपेसाठी. बोलताना मला माझाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. हे चाकाच्या खुर्चीत बसले होते. यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग हसायला लागले. हसता हसता धाप लागली, नर्सनं पाठ चोळली, तरी हे हसतच होते.

"चाळीस वर्षं सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस," हे म्हणाले. "आणि आता ऐकायचं होतं होय गं तुला?"

मी निलोफरचे हात धरले. "तो आकडा बदल गं पोरी. जुनाच घाल."

"यंत्र हातानं लिहू देत नाही, काकू. मी मंजुरीसाठी वर विचारून बघते, पण…"

"मग माझी वर्षं यांना दे. तेवीस आहेत ना? अर्धी यांना लाव. मला नकोत."

"तसा रकाना नाही हो, काकू," ती म्हणाली आणि रडायला लागली.

झडप तिथंच होती, दोन खोल्या पलीकडं, फ्रीजमध्ये. यांच्याच अंगातून वाढलेली, दुसऱ्या कुणाला चालणारी नाही. वर्षभर टिकते म्हणे. तिच्या बरणीवर यांच्या नावाची चिठ्ठी तशीच ठेवली.

वरून उत्तर आलं. दुसऱ्यांदा नामंजूर, म्हणून आता सहा महिन्यांनी फेरमोजणी मागावी. पत्रात माझं अभिनंदनही होतं, प्रकृती सुधारल्याबद्दल. निलोफरनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं. यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "खोटं नाही सांगत. आता या वजनानं सरांच्या हृदयावर ताण वाढलाय. चालून ते उतरवायचं तर तेवढा दम नाही त्यांना. सहा महिने… कठीण आहे, काकू."

"दोष कुणाचा गं?" मी तिला विचारलं. मला माझ्यावर रागावून बघायचं होतं, पण तेही नीट जमेना. खंडोबावर रागावले, तर तो तरी काय करणार, मी दिलं तेच मुकाट घेत बसला होता. सरकारवर रागवायला गेले तर समोर फक्त निलोफर होती, आणि तिचा पदर ओला झाला होता.

घरी आल्यावर मी नवस मोडला. देवाची क्षमा मागितली आणि पातेली पुन्हा चढवली, या वेळी माझ्यासाठी. पूर्वी नुसत्या वासानं माझ्या अंगी लागायचं. आता ताटच्या ताट संपवते, पण काटा हलल्यासारखा करतो आणि परत येतो. दिवसभर यांना उठवायचं, उशा लावायच्या, आंघोळ घालायची, पाय चेपायचे, जरा डोळा लागला की यांचा श्वास ऐकायला उठायचं. खाल्लेलं सगळं त्यातच जिरतं. रसिका आठवडाभर येऊन राहिली. जाताना म्हणाली, "आई, तू पण स्वतःला जप." मी तिच्यावर ओरडले. पोरीची काय चूक होती?

यांना आता दोन शब्द बोलायचे तर मध्ये थांबावं लागतं. म्हणून मी शिट्टी परत यांच्या गळ्यात घातली, काही लागलं तर फुंका म्हटलं. आधी काही आठवडे ती वाजायची. मग तिच्यातून नुसती हवा यायला लागली. तरी मला कळतं. स्वयंपाकघरात असले तरी कळतं.

काल जेवायला मी ताट घेऊन यांच्या पलंगाशीच बसले. यांना पेज भरवली आणि मग माझं खायला लागले. वरणभात, तूप, दोन लाडू. यांनी मान कलती करून माझ्या ताटात डोकावून बघितलं. जन्माची सवय. मी पहिला लाडू संपवला, दुसरा संपवला. यांनी शिट्टी ओठांना लावली, हवा आली, आणि यांनी ती खाली ठेवली. मग हात लांब करून डबा स्वतःच ओढला. झाकण निघेना. मी मदत करायला गेले तर मानेनंच नको म्हणाले. बऱ्याच वेळानं ते निघालं. यांनी एक लाडू काढला आणि माझ्या ताटात ठेवला.

"घे," हे म्हणाले. थांबले, श्वास घेतला. "अजून एक घे."

हे वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायला मी उभा जन्म आसुसले होते. लाडू तोंडात घातला, पण तो काही केल्या घशाखाली उतरेना. हे माझ्याकडं बघत होते. फेरमोजणीला अजून चार महिने आहेत. मी पाण्याचा घोट घेतला आणि गिळला.